पेनड्राइव्हवर आलेली अर्धी माहिती

शनिवारी संध्याकाळी वाचनालय बंद करताना ग्रंथपाल काका पेनड्राइव्ह लावायचे, नोंदींची मी दाखवून दिलेली फाईल त्यावर टाकायचे आणि पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात घालून घरी न्यायचे. सात-आठ महिने हे बिनबोभाट चाललं. मग एका रविवारी कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली. सोमवारी दुसरं मशीन आणलं, पेनड्राइव्हवरची फाईल जागेवर ठेवली, प्रोग्राम उघडला. सभासद होते, पुस्तकं होती, पण मंगळवारनंतरची एकही देवघेव नव्हती. फाईल तर शनिवारी घेतलेली!

मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयासाठी प्रोजेक्ट म्हणून हा प्रोग्राम लिहिला होता. जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा येत होती, डेटाबेस म्हणजे कुठेतरी दूर असलेला सर्व्हर अशी समजूत होती, आणि वाचनालयात इंटरनेट असून नसल्यासारखं. म्हणून सगळं तिथल्या तिथे ठेवायचं ठरवलं.

सगळ्यात आधी ब्राउझरमधलं लोकलस्टोरेज वापरलं. सोपं आहे, पण त्यात फक्त मजकूर बसतो, जागा साधारण ५ एमबी, आणि कुणी ब्राउझर ‘साफ’ केला की सगळं गायब. काकांच्या पुतण्याने तो केला.

मग इलेक्ट्रॉन घेतलं (त्याने जावास्क्रिप्टमधून कॉम्प्युटरवरचा सुटा प्रोग्राम बनवता येतो) आणि सगळी माहिती एका जेसन, म्हणजे साध्या मजकुराच्या, फाईलमध्ये ठेवू लागले. बारा हजार पुस्तकं. एक पुस्तक कुणी नेलं की अख्खी फाईल नव्याने लिहायची! नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन, इलेक्ट्रॉनच्या आत तेच असतं) राइटफाईल म्हटलं की जुनी फाईल आधी रिकामी होते आणि मग नवा मजकूर उतरतो. या दोन क्षणांच्या मध्ये लाईट गेली तर? आमच्याकडे लाईट जायला मुहूर्त लागत नाही. शून्य बाइटची फाईल मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. आधी दुसऱ्या नावाने लिहून मग नाव बदलायचं, ही युक्ती नंतर कळली. छोट्या सेटिंग्जसाठी ती आजही वापरते.

तेव्हा कुठे एसक्यूलाइट या डेटाबेसकडे वळले. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली लिहिलं. ते अमेरिकी नौदलाच्या जहाजासाठीच्या एका सॉफ्टवेअरवर काम करत होते आणि डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रामही अडायचा. म्हणून सर्व्हरच नको, प्रोग्रामने थेट फाईलशी बोलावं, असा हा डेटाबेस. वाचनालयाची अडचण वेगळी काय होती?

जावास्क्रिप्टमधून त्यासाठी मी ‘बेटर-एसक्यूलाइट-थ्री’ हे तयार पॅकेज वापरलं. इलेक्ट्रॉनमध्ये ते पहिल्या झटक्यात चालत नाही, ‘वेगळ्या नोड आवृत्तीसाठी कंपाईल केलंय’ अशी तक्रार येते. घाबरू नका, पॅकेज इलेक्ट्रॉनसाठी नव्याने बांधणारं ‘इलेक्ट्रॉन-रीबिल्ड’ चालवलं की मिटते. नुसता सरावच करायचा असेल तर नोडच्या २२.५ आवृत्तीपासून एसक्यूलाइट नोडमध्येच आहे, वेगळं काही बसवायला नको.

पुस्तकांची एक्सेल यादी आत घेताना मी प्रत्येक ओळ सुटी टाकत होते. चहा पिऊन आले तरी चालूच. प्रत्येक ओळीनंतर डिस्कवर पक्कं लिहून झाल्याची खात्री केली जाते, वेळ तिथे जातो. सगळ्या ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकदाच पक्क्या होणाऱ्या गठ्ठ्यात, घातल्या, काही सेकंदांत काम झालं.

आता त्या हरवलेल्या दिवसांकडे. वेग वाढतो म्हणून कुठेतरी वाचून मी एसक्यूलाइटचा ‘वॉल’ (राइट-अहेड लॉग) मोड चालू केला होता. यात नव्या नोंदी मुख्य फाईलमध्ये लगेच जात नाहीत. शेजारी ‘वॉल’ शेपटीची दुसरी फाईल असते, तिथे आधी लिहिल्या जातात. ती साधारण हजार पानांची (पान म्हणजे डेटाबेस फाईलचा ठरावीक मापाचा तुकडा), म्हणजे ४ एमबीच्या आसपास झाली, किंवा प्रोग्राम नीट बंद केला, की त्या मुख्य फाईलमध्ये मुरतात. काका प्रोग्राम बंद करत नसत, थेट बोर्डावरचं बटण. त्यामुळे आठवडाभराच्या नोंदी शेजारच्या फाईलमध्ये साचायच्या आणि पेनड्राइव्हवर जायची फक्त मुख्य फाईल. तिच्यावरची शेवटच्या बदलाची तारीख मंगळवारची होती. आम्ही दोघांनीही ती पाहिली नव्हती.

वाचवलं ते काकांच्या वहीने. ‘तुझं मशीन असू दे गं, माझी वही चालू राहील,’ असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते आणि मला राग आला होता. त्याच वहीवरून चार दिवसांच्या नोंदी पुन्हा भरल्या. नंतर मी प्रोग्राममध्ये एक बटण दिलं. ते एसक्यूलाइटची ‘व्हॅक्यूम इंटू’ ही आज्ञा चालवून पेनड्राइव्हवर पूर्ण प्रत काढतं, ती प्रत उघडतं आणि शेवटची नोंद कधीची ते मोठ्या अक्षरांत दाखवतं. काका ती वहीशी ताडून बघतात.

एक अडचण आपल्या भाषेची. ‘कुऱ्हाडे’ शोधलं तर दोनच सभासद यायचे, काकांच्या हिशेबाने पाच. पडद्यावर सगळी नावं सारखीच दिसत होती. पण हा ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ने, एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कोड लावून. डेटाबेसला ती दोन वेगळी नावं. एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करणारं युनिकोडचं नॉर्मलाइझसुद्धा ही दोन रूपं एक करत नाही. शेवटी ‘शोधनाव’ असा वेगळा रकाना केला. साठवताना आणि शोधताना एकाच फंक्शनमधून नाव एका रूपात आणायचं. पाचही कुऱ्हाडे सापडले.

तुमचं ॲप ब्राउझरमध्येच राहणार असेल तर ब्राउझरमधलाच डेटाबेस, म्हणजे इंडेक्स्ड-डीबी घ्या, आणि तेही थेट न वापरता डेक्सी या पॅकेजमधून. ट्रान्झॅक्शनच्या मध्येच नेटवरून काही आणायला थांबलात तर ट्रान्झॅक्शन आपोआप संपतं, एवढं ध्यानात ठेवा. माझी एक अख्खी रात्र त्यात गेली.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, ‘मोठा डेटाबेस का नाही वापरला?’ मी पेनड्राइव्हची गोष्ट सांगितली. पुढचे सगळे प्रश्न त्यावरच आले.

शिकत असाल तर हे घरी करून बघा. वॉल मोडमध्ये नवा डेटाबेस उघडा, टेबल बनवून दहा नोंदी टाका, प्रोग्राम बंद न करता फक्त मुख्य फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये घ्या आणि तिथे उघडून नोंदी मोजा. मला तर ‘असं टेबलच नाही’ असं उत्तर आलं होतं.