यू-डायस प्लस भरताना या चुका टाळा (आणि मगच मला फोन करा)

मी काही कॉम्प्युटरवाला नाही, साधा प्राथमिक शिक्षक आहे, पण ‘सरांना त्यातलं कळतं’ असं एकदा केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, झालं की संपलं, मग जेवताना फोन, लग्नात फोन, गाडीवर असताना फोन. आधी २०१५ पासून सरलचं, म्हणजे राज्याच्या शाळा-विद्यार्थी माहितीच्या पोर्टलचं, चाललं होतं, ते जरा अंगवळणी पडलं तोवर यू-डायस प्लस, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल, आलं आणि २०२२-२३ पासून तर त्यात शाळेचा नुसता एकूण आकडा चालेना, प्रत्येक पोराची वेगळी नोंद. नवीन स्क्रीन बघून घाबरणाऱ्यांचा मला कधीच राग येत नाही, ते बिचारे विचारून विचारून भरतात. राग येतो तो ‘आत्ता भरून टाकू, दुरुस्ती नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचा. कारण टाकायला दोन मिनिटं लागतात, पण दुरुस्तीचा अधिकार बऱ्याचदा शाळेकडे नसतोच, अर्ज घेऊन तालुक्याला जावं लागतं.

सगळ्यात आधी नाव आणि जन्मतारीख, कारण माझे निम्मे फोन यावरच असतात.

आपल्या जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेक वेळा नाव, वडील, आडनाव. वर इंग्रजी स्पेलिंग. एका ज्ञानेश्वरीचं आधारवर स्पेलिंग ‘डी-एन-वाय’ने सुरू होतं, दुसरीचं ‘जी-वाय’ने, आणि आपले सर हजेरीपत्रक समोर ठेवून मनानेच दोघींचं एकसारखं टाकून मोकळे. मग आधारशी पडताळणीत नाव, जन्मतारीख, लिंग यातलं काहीतरी जुळत नाही आणि लाल अक्षरं आली की म्हणायचं पोर्टल बोगस आहे. अहो पोर्टलने काय केलं, तुम्ही आधार कार्ड समोर घेतलं होतं का? माझ्याकडे एक साधी दोनशे पानी वही आहे, त्यात तीन रकाने, रजिस्टरचं नाव, आधारवरचं नाव जसंच्या तसं आणि फरक काय. ही वही भरल्याशिवाय मी लॉगिनच करत नाही. लोक हसतात, हसू देत.

आता जन्मतारीख. इथे एक फार वाईट शॉर्टकट चालतो, तो म्हणजे आधार जुळावं म्हणून पोर्टलवर आधारची तारीख टाकायची आणि रजिस्टरला तशीच जुनी ठेवायची. आधीच आपल्याकडे १ जूनला जन्मलेल्यांची कमी नाही, त्यात ही नवीन भर. आज हिरवी टिक येते, पण उद्या पोरगं दाखला मागायला आलं की दाखल्यावर एक तारीख आणि पोर्टलवर दुसरी. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही हे आधार देणाऱ्या यूआयडीएआयनेच सांगितलंय, आणि रजिस्टरमधली तारीख मुख्याध्यापकाला मनाने खोडता येत नाही. म्हणून आधी जन्मदाखला बघा. तो आणि रजिस्टर जुळत असेल तर चूक आधारची, पालकांना आधार केंद्रावर पाठवा. पाच वर्षांचं आणि पंधरा वर्षांचं झाल्यावर मुलाचे बोटांचे ठसे अपडेट करायला तसंही जावंच लागतं, त्याच फेरीत हेही उरकायला सांगा. वेळ लागतो, मान्य आहे, पण दुसरा रस्ता नाही.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे बाहेरून आलेल्या मुलाची नवीन नोंद करणं.

मूल आधी कुठल्याही शाळेत असेल तर त्याचा पेन नंबर, म्हणजे पोर्टलवरचा कायमचा विद्यार्थी क्रमांक, तयार असतो. जुन्या शाळेने सोडलं की ते ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, जातं आणि तिथून पेन आणि जन्मतारीख टाकून आपण इम्पोर्ट करायचं. पेन माहीत नसेल तर आधार नंबर आणि जन्मवर्ष टाकून शोधायची सोयही दिलीय. आता एवढं असताना एका शाळेत काय झालं ते ऐका. साखर कारखान्याजवळची शाळा, दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, त्यात दुसरीतली एक मुलगी वर्गात येऊन बसली. सरांनी तिला बसवून घेतलं, खाऊ घातलं, पुस्तकं दिली, माणूस म्हणून एक नंबर. पण माहिती भरायची शेवटची तारीख, जुन्या गावच्या मुख्याध्यापकांचा फोन लागेना, म्हणून सरांनी तिला सरळ पहिलीत दाखवून नवीन नोंद केली, आधारचा रकाना रिकामा, आणि आई ज्या नावाने हाक मारायची तेच नाव टाकलं. झालं. टोळी एप्रिलमध्ये परत गेली, मुलगी आपल्या गावी. तिथे तिची जुनी नोंद जिवंतच होती, तिसरीत गेलीसुद्धा. इकडे नवीन वर्षात सरांनी ‘शाळा सोडून गेली’ असं दाखवलं आणि ती दुसरी नोंद ड्रॉपबॉक्समध्ये जाऊन पडली. कुठल्याच शाळेने उचलली नाही, कोण उचलणार? पुढे ड्रॉपबॉक्समधल्या मुलांची यादी आली, शाळाबाह्य आहेत का शोधा म्हणून. सर भर उन्हात मोटारसायकलवर तळावर जाऊन आले, मुकादमाला फोन, मुकादमाच्या मेव्हण्याला फोन, आणि चार दिवसांनी कळलं की आपण जिला शोधतोय ती तिच्या गावच्या शाळेत पहिल्या बाकावर बसलीय, रोज हजर. ती फालतू नोंद काढायला दोन शाळांची पत्रं आणि तालुक्याला किती चकरा झाल्या ते सरांनाच विचारा.

म्हणून माझी सवय सांगतो. आमच्याकडून मूल स्थलांतरित होऊन जायला निघालं की त्याला पुढच्या शाळेत दाखवायला जे शिक्षण हमी पत्रक देतो त्यावर मी पेन नंबर आणि माझा मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात लिहून देतो, आणि एक चिठ्ठी आईकडे वेगळी. वडिलांकडे दिलेली खिशात धुतली जाते. आणि बाहेरून मूल आलं तर आधी जुन्या शाळेला फोन. नाही लागला तर उद्या परत. तोपर्यंत मूल वर्गात बसतंच की, शिकायला पेन नंबर लागत नाही.

ओटीपीचं दुखणं तर दर बदल्यांनंतर ठरलेलंच. लॉगिनला जुन्या मुख्याध्यापकांचा नंबर, ते बदलून गेले दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात, आणि ओटीपी आला की सर शेतात. चार्ज देता-घेता ना, कपाटाच्या चाव्या मोजून घेता, डेडस्टॉक (शाळेच्या सामानाची नोंद) तपासता, मग मोबाईल नंबर बदलणं त्याच यादीत लिहा की. आणि पासवर्ड कॅफेवाल्याला देऊ नका. त्याच्या भिंतीवर अकरा शाळांचे पासवर्ड चिकटवलेले मी स्वतः बघितलेत.

नंबरांची गल्लत. शाळेचा यू-डायस कोड ११ अंकी, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. मुलाचा पेनही ११ अंकीच. आधार १२ आणि अपार आयडी, म्हणजे मुलाचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख क्रमांक, तोही १२. त्यामुळे नुसते अंक मोजून ‘बरोबर आहे’ म्हणू नका. आधारच्या पावतीवरचा १४ अंकी नंबर हा आधार नंबर नव्हे, हेही दरवर्षी सांगतो.

एक्सेलमध्ये यादी करणाऱ्या हुशार लोकांसाठी: आधारचा कॉलम आधी टेक्स्ट करा, मग नंबर टाका. नाहीतर ते ‘१.२३४५७ई+११’ असलं काहीतरी दिसतं, आणि तशीच सीएसव्ही (साध्या मजकुराची फाईल) सेव्ह केली की शेवटचे आकडे गेलेच. सेव्ह करून ती फाईल बंद करून परत उघडली की मग आरडाओरडा. तारखांचंही तसंच, ५ जूनचा ६ मे होतो.

शेवटच्या रात्री अकरा वाजता बसू नका. सगळा महाराष्ट्र तेव्हाच बसलेला असतो. मी पहाटे साडेपाचला चहा घेऊन बसतो, सातपर्यंत एक वर्ग होतो.

पुढच्या पानावर जाण्याआधी सेव्ह दाबा. दाबलंत? परत बघा.

आणि ग्रुपवर नुसतं ‘पोर्टल चालत नाही’ असं टाकू नका, त्यावरून मला काय कळणार? कुठल्या पानावर अडलात, कुठलं बटण दाबलं, लाल अक्षरात काय आलं, ते स्क्रीनशॉट काढून पाठवा. मॉनिटरचा तिरका फोटो, त्यात पंख्याची सावली आणि तुमचा अंगठा, असं नको. आणि त्यात पोराचा आधार नंबर दिसत असेल तर तो आधी झाका, ग्रुपमध्ये दोनशे माणसं आहेत.