आधी बोट शाकारा, मग घर मांडा: लांबच्या शीडसफरीनंतर किनाऱ्यावर परतताना

वर्ष-दोन वर्षे शिडाच्या बोटीवर काढलेली माणसे परतताना बहुतेक वेळा एकच चूक करतात. शेवटच्या बंदरात पाच दिवस हातात ठेवतात, बोट घाईघाईत बांधतात आणि विमान पकडतात. पुढचे सहा महिने शरीर घरात असते आणि डोके बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचते त्या खोलगट जागेत. झडप बंद केली होती ना? बॅटरीचे काय झाले असेल? म्हणून पहिली गोष्ट कामाच्या क्रमाची. आधी बोट, मग शरीर, मग कागद आणि पैसा, नोकरी त्यानंतर. बोटीच्या कामाला दोन माणसांचे १० ते १४ दिवस धरा आणि बोट लावणे व नोकरीवर रुजू होणे यांत निदान चार आठवडे मोकळे ठेवा. परतीची तारीख हवामान ठरवते, नोकरी देणारा किंवा शाळा ठरवत नाही. ती आधी जाहीर करून टाकली की वाईट हवामानात निघण्याचा मोह होतो.

शेवटच्या मुक्कामात पहिल्याच दिवशी वही उघडा आणि बोटीवर काय चालते, काय चालत नाही, काय ठोकून-बांधून चालवले आहे ते लिहून काढा. आज तोंडपाठ असते. तीन महिन्यांनी गोड्या पाण्याचा पंप कुठल्या फ्यूजवर जोडला होता ते आठवत नाही. प्रत्येक कप्पा उघडून फोटो काढा.

इंजिन आणि पाणी

वापरलेल्या तेलात आम्ल साठते. ते महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसले की खड्डे पाडते. म्हणून तेल आणि फिल्टर बोट लावण्यापूर्वीच बदला, परत आल्यावर नव्हे. इंजिन गरम असताना तेल काढले की गाळही निघतो. डिझेलची टाकी साधारण ९५ टक्के भरा आणि जंतुनाशक घाला. टाकीत हवा राहिली की रात्री दव साचते, आणि डिझेल व पाण्याच्या सीमेवरच तो काळा बुळबुळीत थर वाढतो.

समुद्राच्या पाण्याची वाट गोड्या पाण्याने धुवा. गाळणीच्या तोंडाशी बादलीतून पाणी द्या, इंजिन चालू ठेवा, शेवटी बिनविषारी अँटिफ्रीझ ओता. एक्झॉस्टमधून त्याचा रंग दिसला की थांबा. इथे एक धोका आहे. नळाची पाइप थेट जोडून इंजिन बंद असताना पाणी सोडले, तर ते सायलेन्सरमध्ये भरते आणि उलटे सिलिंडरात शिरते. इंजिन गेलेच म्हणा. शेवटी इंपेलर, म्हणजे समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपातले रबरी चाक, काढा, कारण महिनोन्‌महिने दाबून राहिलेली त्याची पाती तशीच वाकडी होतात. तो पिशवीत घालून इंजिनच्या किल्लीलाच अडकवा. म्हणजे पुढच्या वेळी तो न बसवता कोणी इंजिन चालू करणार नाही.

वॉटरमेकरला, म्हणजे खाऱ्या पाण्याचे गोडे करणाऱ्या यंत्राला, नळाचे क्लोरीन घातलेले पाणी कधीही दाखवू नका, त्यातला गाळणारा पडदा (मेंब्रेन) कायमचा जातो. कार्बन फिल्टरमधून आलेल्या पाण्याने धुवा आणि मग त्या यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेलेच साठवणीचे रसायन भरा. एका बनावटीला चालणारे रसायन दुसऱ्या बनावटीच्या पंपाला खाते. ते किती महिने पुरते हेही पुस्तिकेत असते. ती तारीख वहीत लिहा, कारण तेव्हा कोणीतरी जाऊन ते बदलावे लागेल.

संडासात खारे पाणी तसेच ठेवले तर त्यातले सूक्ष्मजीव मरतात आणि सडक्या अंड्याचा वास पाइपांत मुरतो. गोड्या पाण्याने भरपूर धुवा, एक लिटर व्हिनेगर रात्रभर राहू द्या, पुन्हा धुवा. मैल्याची टाकी नियमाप्रमाणे रिकामी करा. गॅसचे सिलिंडर बंद करून नळीपासून सोडवा.

वीज, शिडे, ओल

साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा. विसावलेल्या अवस्थेत १२.७ व्होल्ट हवेत. १२.४ च्या खाली फार दिवस राहिली की प्लेटवर सल्फेट जमते आणि क्षमता परत येत नाही. लिथियम फॉस्फेट बॅटरीचे उलटे आहे. ती अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवून सगळ्यापासून तोडायची. 'मेन स्विच बंद आहे' एवढ्यावर विसंबू नका. गॅसचा सेन्सर, रेडिओची मेमरी, बिल्जचा पंप यांच्या तारा बहुधा स्विच वगळून थेट बॅटरीला गेलेल्या असतात.

शिडे गोड्या पाण्याने धुवा, कडकडीत वाळवा, घडी घाला. पुढचे शीड फर्लरवर, म्हणजे शीड गुंडाळायच्या फिरत्या नळीवर, गुंडाळून ठेवू नका. वादळात ते सुटते, फाटते आणि जमिनीवर ठेवलेल्या बोटीला आधारांवरून ढकलायलाही पुरेसे असते. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायच्या दोऱ्या, उतरवून त्यांच्या जागी ३-४ मिलिमीटरची पातळ दोरी ओढून ठेवा. ती हॅलयार्डच्या टोकाला टेपने चिकटवू नका, सुईदोऱ्याने शिवा. टेप वर जाताना सुटली की डोलकाठीच्या आत काहीच उरत नाही आणि कोणाला तरी टोकापर्यंत चढावे लागते.

बुरशीचे गणित सोपे आहे. आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर ती फारशी धरत नाही. गाद्या उभ्या करा, कप्प्यांची झाकणे आणि फ्रिजचे दार उघडे ठेवा, लाकूड व्हिनेगरने पुसा. हवा खेळती ठेवणारी छिद्रे टेप लावून बंद करणारे लोक पाऊस अडवतात आणि ओल आत कोंडतात. पीठ, डाळी, तांदूळ, पुठ्ठ्याचे खोके, यातले काहीही ठेवू नका. झुरळांची अंडी बहुधा पुठ्ठ्यातून येतात.

बोट पाण्याबाहेर काढणार असाल तर आधार तपासूनच यार्ड सोडा. सगळे वजन कीलखालच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या जड कण्याखालच्या, ठोकळ्यांवर हवे, बाजूचे आधार फक्त तोल राखायला. समोरासमोरचे आधार साखळीने एकमेकांना बांधलेले असले पाहिजेत. ताडपत्रीच्या दोऱ्या आधारांना बांधू नका, वाऱ्यात ताडपत्री फडफडते आणि आधार हळूहळू सरकवते. कॉकपिटचा, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीचा, निचरा पानांनी तुंबला की पाणी केबिनमध्ये येते, आणि आत आलेले पाणी बाहेर जात नाही. बोटीच्या सांगाड्याच्या तळाशी बूच असेल तर ते काढून ठेवा आणि किल्लीजवळ बांधा. पाण्यातच ठेवणार असाल तर सगळे सीकॉक, म्हणजे बोटीच्या बुडातल्या पाण्याच्या वाटांच्या झडपा, बंद करा आणि महिन्यातून दोनदा कोणीतरी आत जाऊन पाहील असा पैसे देऊन ठरवलेला माणूस हवा. मैत्रीवर ठेवलेली बोट पहिल्या वादळानंतरच पाहिली जाते.

सुरक्षेचे सामान वेगळे काढा. ४०६ मेगाहर्ट्‌झचा ईपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारे यंत्र, ज्या फोन नंबरवर नोंदला आहे तो नंबर आता बदलणार असेल, तर नोंदणी त्याच दिवशी सुधारा. चुकून वाजला तर शोधपथक आधी त्याच नंबरवर विचारते. जीवरक्षक तराफा सर्व्हिसला द्यायला हाच काळ चांगला. संकटात पेटवायचे दारूचे संकेतबाण (फ्लेअर) विमानात नेता येत नाहीत, कचऱ्यात टाकता येत नाहीत, पार्सलनेही पाठवता येत नाहीत. ते स्वीकारणारी जागा बंदरातच विचारून ठेवा.

उतरल्यावरचे पहिले पंधरा दिवस

जमीन हलते. डोळे मिटून अंघोळ करताना जास्त हलते, कारण मेंदूला सवय लागलेली असते ती लाटेचा हिशेब आधीच वजा करण्याची, आणि लाट गेली तरी तो वजाबाकी चालू ठेवतो. बहुतेकांना हे एक-दोन दिवसांत सरते. तोवर शिडी चढू नका आणि गाडी चालवू नका. दिवसा डोळे उघडे ठेवून दूरवर पाहत चालणे हा उत्तम इलाज आहे, झोपून राहणे नव्हे. आठवडा उलटला तरी डोलणे थांबले नाही, आणि गाडीत बसले की उलट बरे वाटत असेल, तर डॉक्टरांना हीच खूण सांगा. या विकाराला 'मॅल द डेबार्कमां' म्हणतात आणि तो अनेकदा चिंतेचा त्रास म्हणून निकालात काढला जातो. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या गोळ्या यावर फारशा चालत नाहीत.

गाडीचे आणखी एक. बोट ५-६ नॉटने, म्हणजे ताशी ९ ते ११ किलोमीटरने जाते. नजर त्या वेगाला बसलेली असते. ८० च्या वेगात सगळे सुमारे आठपट लवकर अंगावर येते. पहिले काही दिवस रिकामे रस्ते, दिवसाउजेडी, मागच्या सीटवर बडबड नको.

झोप सगळ्यात हट्टी. तीन किंवा चार तासांच्या पहाऱ्याची सवय दोन-तीन आठवडे तरी टिकते, आणि दोघेही बरोबर पहारा बदलायच्या वेळी टक्क जागे होतात. जाग आली तर दिवा लावू नका, फोन उघडून वाऱ्याचा अंदाज पाहू नका. उठण्याची वेळ मात्र एकच ठेवा आणि उठल्यावर अर्धा तास उजेडात काढा. दुपारची झोप २० मिनिटांवर आणा. रात्री वारा वाढला की नांगर सरकल्याची धास्ती येते. ती जायला महिने लागतात, त्यात बिघडलेले काही नाही.

पाय पसरलेले असतात. जुने बूट एक माप लहान होतात, तेव्हा ते घालून पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर चालू नका. मांड्या आणि पोटऱ्याही बारीक झालेल्या असतात, कारण हात आणि पाठ राबली तरी चालणे झालेले नसते. रोज २० मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला दहा मिनिटे वाढवा. दात, त्वचा आणि डोळे पहिल्या महिन्यात दाखवा. त्वचेसाठी कानांची मागची बाजू, मान आणि पाऊल दाखवायला विसरू नका, आणि उन्हाने बुबुळाकडे मांस वाढू लागले असेल तर ते लवकर कळलेले बरे. मलेरियाच्या भागातून आला असाल तर पुढचे वर्षभर कुठलाही ताप आला की डॉक्टरांना आधी प्रवासाचा मार्ग सांगा. मलेरियाचा एक प्रकार यकृतात दडून महिन्यांनी उठतो.

पहिल्या काही आठवड्यांत दोन-तीन सर्द्या होतील. बोटीवर वर्षभर तीच चार माणसे होती.

कागद आणि पैसा

बोटीने आलात आणि विमानाने जाणार असाल, तर बऱ्याच देशांत खलाशांच्या यादीतून नाव रीतसर कमी करून घ्यावे लागते. नाही तर विमानतळावर अडकता. बोट परदेशात ठेवणार असाल तर तिथल्या तात्पुरत्या आयातीची मुदत पाहा. उदाहरणार्थ, युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या रहिवाशाच्या बोटीला १८ महिने मिळतात. मालकाचा व्हिसा आणि बोटीची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक पहिलीच मोजत बसतात. विमा कंपनीला बोट कुठे, कशी, किती काळ ठेवली ते लेखी कळवा, कारण वादळाच्या मोसमात काही अक्षांशांत विमा चालत नाही.

घरची कामे उतरण्याच्या तीन महिने आधीच सुरू होतात. बँकेचे संदेश येणारे सिमकार्ड जिवंत आहे का? खाते निष्क्रिय तर झाले नाही ना? वाहन परवाना? आरोग्य विमा उतरण्याच्या दिवशी नव्हे, आदल्या दिवशी सुरू व्हायला हवा.

पैशाचे तीन कप्पे करा. घराची अनामत, वाहन, कपडे यांचा एकदाचा खर्च, सहा महिन्यांचा घरखर्च, आणि बोट. जाणकारांचा ढोबळ ठोकताळा असा की बोट वर्षाला तिच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के खाते, आणि उभी बोटही जेवते. तिसरा कप्पा विसरला की पहिले दोन त्यातच रिकामे होतात.

घर आधी तीन महिन्यांसाठी आणि सामानासकट घ्या, वर्षाचा करार नको. गोदामातली खोकी सगळी एकदम उघडू नका.

माणसे

'कशी झाली सफर?' या प्रश्नाला दोन मिनिटांचे उत्तर तयार ठेवा. बहुतेकांना तेवढेच हवे असते, आणि ज्याला जास्त हवे तो दुसरा प्रश्न विचारतो. नोकरीच्या अर्जात 'जगप्रवास' लिहू नका, काम लिहा: डिझेल इंजिनची देखभाल, चार माणसांच्या ३० दिवसांच्या शिध्याचे नियोजन, अपुऱ्या माहितीवर हवामानाचे निर्णय. मुलाखतीत खरा प्रश्न 'पुन्हा जाणार का' हा असतो. त्याचे खरे उत्तर घरी आधी ठरवा.

मुलांना सत्राच्या सुरुवातीलाच शाळेत घाला आणि निदान चार आठवडे आधी त्या गावात पोचा. अभ्यासात ती सहसा मागे नसतात. अडतात ती वेळ लावून लिहिण्यात, आणि सगळ्या वयांच्या माणसांत वावरल्यावर एकाच वयाच्या ३० मुलांत बसण्यात. बोटीवरच्या मित्रांशी आठवड्यातून एक ठरलेला कॉल असू द्या.

नवरा-बायको बारा मीटरच्या जागेत दोन वर्षे राहतात आणि किनाऱ्यावर भांडतात. कारण अगदी साधे आहे. बोटीवर कप्तान कोण हे ठरलेले होते आणि हुकूम ओरडून द्यावा लागे. तोच आवाज स्वयंपाकघरात चालत नाही. पैसा, मुले, बोट यांपैकी कुठल्या बाबतीत कोणाचा शब्द शेवटचा, हे पुन्हा नव्याने ठरवा, आणि दिवसातले काही तास एकमेकांच्या नजरेआड काढा.

बोट ठेवायची की विकायची हा निर्णय सहा महिन्यांच्या आत घेऊ नका. पहिल्या महिन्यात ती विकावीशी वाटते आणि तिसऱ्यात परत जावेसे वाटते, दोन्हींवर विश्वास नको. तिसऱ्या महिन्यात एक चक्कर मारा: बॅटरीचे व्होल्ट, बिल्ज, कॉकपिटचा निचरा, आधारांच्या साखळ्या, वास. विकायचेच ठरले तर आतले खासगी सामान उतरवाच, पण हत्यारे, सुटे भाग आणि ती पहिल्या दिवसाची वही बोटीवरच राहू द्या. घेणारा आधी वही मागतो.