हॉलमध्ये टीव्ही किती इंची लावावा? आधी टेप काढा

दुकानात गेलं की सगळे टीव्ही लहानच दिसतात, एकतर दुकान केवढं मोठं आणि त्यात शेजारी ७५ इंची लावलेला, मग ५५ वाला बिचारा पोरासारखा वाटतो. म्हणून साईज घरीच ठरवून जा.

पहिलं म्हणजे हॉल किती बाय किती ते सोडा. सोफ्यावर रोज बसता तसं ऐसपैस टेकून बसा आणि कुणाला तरी टेपचं दुसरं टोक धरायला लावून डोळ्यापासून स्क्रीन येणार तिथपर्यंत मोजा. हॉल १० फुटी असला तरी सोफ्याच्या पाठीत आणि टेकून बसण्यात दोनेक फूट जातात, टीव्हीपण भिंतीला अगदी चिकटत नाही, हातात राहतात साडेसात फूट.

आता त्याचे इंच करा, ९० झाले, त्याला १.६ ने भागा. उत्तर ५६, म्हणजे ५५ इंची घ्या. सहा फूट असेल तर ४५ येतं, तिथे ४३ बास. पिक्चरवेडे लोक १.२ ने भागतात, मग ९० इंचाला ७५ इंची निघतो, पण मला एवढ्या जवळून एवढी मोठी स्क्रीन नाही झेपत, मॅच बघताना कोपऱ्यातला स्कोअर शोधावा लागतो. आणि घरात केबलवरचे साधे एसडी, म्हणजे कमी बारकाव्याच्या चित्राचे चॅनेलच जास्त चालत असतील तर एक साईज खाली या, मोठ्या स्क्रीनवर सिरीयलमधले चेहरे पुसल्यासारखे दिसतात. फोर-के, म्हणजे खूप बारीक तपशिलाचं चित्र बघत असाल तर हा प्रश्न नाही.

पुढचं जरा नीट वाचा कारण इथे मी माती खाल्लीय. इंच म्हणजे स्क्रीनचं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप, रुंदी नाही. आमच्या शोकेसचा कप्पा ३६ इंची, जुना ३२ वाला त्यात आरामात बसायचा, मी म्हटलं ४३ पण तिरका मोजतात ना, बसेल की. खोका फोडला आणि बघतो तर स्क्रीनच साडेसदतीस इंच! शेवटी सुताराला बोलावून मधली फळी कापली, सनमायक्याचा तो टवका अजून दिसतो. तर ५० ची रुंदी साडेत्रेचाळीसच्या आसपास, ५५ ची ४८, ६५ ची जवळपास ५७ धरा, वर कडेचा एखादा इंच सोडा. टेबलावर ठेवणार असाल तर पाय बघा, हल्ली ते पार दोन टोकांना असतात.

मग टीव्ही भिंतीवर केवढा दिसेल ते कळायला जुने पेपर जोडून ५५ साठी ४८ बाय २७ इंचाचा चौकोन करा, तो भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. घरचे हसतील, हसू द्या.

उंचीचं म्हणाल तर बसल्यावर डोळे जिथे येतात तिथे स्क्रीनचा मध्य हवा, जमिनीपासून साधारण ४० इंच. फिटिंगवाला उभ्याने काम करतो, त्याच्या नजरेला बरं दिसेल तिथे ड्रिल मारून मोकळा होतो आणि मग आपण जन्मभर मान वर करून बघतो, त्यामुळे तो यायच्या आधीच पेन्सिलने खूण करून ठेवा.