प्रशासकीय सुधारणा आयोगाचा अहवाल कसा वाचावा आणि गावात कसा वापरावा

सरकारी कारभार कसा सुधारावा हे सुचवण्यासाठी केंद्र सरकारने आजवर दोनदा प्रशासकीय सुधारणा आयोग नेमला. त्याचा अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घेणारा माणूस बहुधा दुसऱ्या प्रकरणातच थकतो. आपले किंवा शेजाऱ्याचे अडलेले एक काम मनाशी धरावे आणि अहवाल शेवटाकडून वाचावा, असे मी ग्रामसभेला नियमित जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, कारण शिफारशींचा गोषवारा सहसा शेवटी दिलेला असतो आणि तिथून मागच्या विवेचनाकडे जाणे सोपे पडते. दुसऱ्या आयोगाचे अहवाल केंद्राच्या प्रशासकीय सुधारणा आणि लोकतक्रार विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

आधी आयोग नेमण्याचा ठराव वाचावा. पहिला आयोग ५ जानेवारी १९६६ रोजी मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. पुढच्या वर्षी ते उपपंतप्रधान झाल्यावर के. हनुमंतय्या अध्यक्ष झाले आणि आयोगाने एकूण २० अहवाल दिले. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि गुप्तवार्ता यांचा तपशीलवार अभ्यास वगळण्याची मुभा ठरावातच होती, त्यामुळे त्या विषयांवर आयोग गप्प का, असे विचारण्यात अर्थ नाही. गोव्याच्या वाचकाने मात्र त्यातला संघप्रदेशांच्या प्रशासनावरचा अहवाल जरूर उघडावा. त्या काळी गोवा, दमण व दीव हा संघप्रदेश होता आणि ३० मे १९८७ रोजी घटकराज्य होईपर्यंत इथले अनेक निर्णय दिल्लीच्या मान्यतेवर अवलंबून असत. दुसरा आयोग ३१ ऑगस्ट २००५ रोजी वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखाली आला आणि त्याने १५ अहवाल दिले.

आता वहीच्या एका पानावर चार रकाने आखावेत: शिफारस काय, ती अमलात आणणे कोणाच्या हातात, सरकारने ती स्वीकारली का, आणि आज कार्यालयाच्या खिडकीवर प्रत्यक्ष काय दिसते. आयोगाचे काम सल्ला देण्यापुरते असते, हे इथे लक्षात ठेवावे. शिफारस आपोआप नियम होत नाही. तिच्यासाठी कधी संसदेचा किंवा विधानसभेचा कायदा लागतो, तर कधी खातेप्रमुखाचे एक परिपत्रक पुरते. म्हणूनच चारपैकी दुसरा रकाना मी सर्वांत महत्त्वाचा मानतो.

सरावासाठी लोकपालाची शिफारस घ्यावी. पहिल्या आयोगाने १९६६ सालच्या अंतरिम अहवालात केंद्रासाठी लोकपाल आणि राज्यांसाठी लोकायुक्त सुचवले. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्ताचा कायदा केला, गोव्याचा कायदा २०११ चा आहे, आणि संसदेने लोकपाल कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संमत केला. पहिले लोकपाल नेमले गेले ते २०१९ मध्ये. एकाच ओळीच्या शिफारशीचा हा त्रेपन्न वर्षांचा प्रवास वहीत उतरवला की, शिफारस नेमकी कोणाच्या टेबलावर थांबली हे विचारायची सवय लागते. नाकारलेली शिफारसही नोंदवावी. दुसऱ्या आयोगाने माहितीच्या अधिकारावरील पहिल्याच अहवालात १९२३ चा शासकीय गुपिते कायदा रद्द करण्यास सुचवले होते, पण सरकारने ते मानले नाही आणि तो कायदा आजही लागू आहे.

गावच्या कामासाठी सर्वांत उपयोगी पडतो तो दुसऱ्या आयोगाचा नागरिककेंद्री प्रशासनावरचा बारावा अहवाल. कार्यालयाने आपल्या सेवा ठरवाव्यात, प्रत्येक सेवेचे मानक जाहीर करावे, ते पाळण्याची क्षमता उभारावी, त्याप्रमाणे काम करावे, त्यावर देखरेख ठेवावी, त्रयस्थाकडून मूल्यमापन करून घ्यावे आणि सतत सुधारणा करावी, अशा सात पायऱ्या त्यात आहेत. मामलेदार कार्यालयातून वास्तव्याचा दाखला काढायचा असेल, तर याच पायऱ्या घेऊन खिडकीसमोर उभे राहावे: मुदतीचा फलक लावला आहे का, तो वाचता येतो का, मुदत उलटल्यास अपील कोणाकडे करायचे हे त्यावर लिहिले आहे का? सेवा ठरलेल्या मुदतीत मिळावी यासाठी गोव्याचा २०१३ चा कायदा आहे, त्यामुळे ही विचारणा म्हणजे आगाऊपणा नव्हे.

फलक नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. एका कार्यालयाला मी ‘आयोगाच्या शिफारशी का पाळल्या नाहीत?’ असे विचारले, आणि तिसाव्या दिवशी ‘प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. मला राग आला, पण उत्तर कायद्याला धरून होते. त्या कायद्याखाली मिळते ती नोंदींत असलेली माहिती, कारणांचे स्पष्टीकरण नव्हे. दुसऱ्या अर्जात मी ‘या सेवेसाठी निश्चित केलेल्या मुदतीच्या आदेशाची प्रत’ आणि ‘मागील सहा महिन्यांत मुदतीनंतर दिलेल्या दाखल्यांची संख्या’ एवढेच मागितले, तेव्हा शिक्का मारलेली दोन पाने हाती आली. त्यांतल्या एका पानावर, कधीच न लावलेल्या फलकाचा मजकूर जसाच्या तसा होता.

ती पाने ग्रामसभेत नुसती वाचून दाखवू नयेत. फलक अमुक तारखेपर्यंत लावावा, अशी मागणी करणारा ठराव लेखी मांडावा, त्यात आयोगाच्या अहवालाचा क्रमांक आणि आदेशाची तारीख घालावी, आणि ठराव इतिवृत्तात आला की नाही हे पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले जाताना तपासावे. ठरावाची प्रत कार्यालयात देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्यावा, आणि तोच क्रमांक वहीच्या चौथ्या रकान्यात लिहून ठेवावा.