मन जड असेल तेव्हा ‘प्रेशस लॉर्ड’ कसं ऐकायचं

आधीच सांगते, हे काम करता करता मागे लावून ठेवायचं गाणं नाही. रात्री जेवणं, भांडी उरकली की मोबाईल सायलेंटवर टाका, इयरफोन लावा आणि अमेरिकेतली चर्चगीतं गाणारी महालिया जॅक्सन, तिचं 1956 चं रेकॉर्डिंग ऐका, ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’. पहिल्या वेळी बोटाने ताल धरायला जाऊ नका, जमणारच नाही, बाई एकेक शब्द एवढा ओढते की वाटतं आता पुढची ओळ येतच नाही, मधे पियानो हळूच काहीतरी बोलून जातो आणि मग ती येते. त्या थांबण्यातच माझा तर जीव अडकतो.

दुसऱ्यांदा ऐकण्याआधी एवढं माहीत असू द्या. हे गाणं लिहिणारा थॉमस डॉर्सी हा शिकागोचा, आधी ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) वाजवणारा. 1932 च्या ऑगस्टमध्ये तो सेंट लुईसला चर्चच्या सभेत गायला गेला होता, घरी बायको नेटीचे दिवस भरलेले, आणि तिथेच तार आली की ती गेली. धावत घरी आला, मग बाळही गेलं. काही दिवसांनी पियानोसमोर बसला तेव्हा एका जुन्या चर्चगीताची चाल हाताखाली आली आणि त्यावर हे शब्द. देवाला तो आधी ‘ब्लेसेड’ (पवित्र) म्हणत होता, मित्राने सुचवलं म्हणून ‘प्रेशस’ (अनमोल) झालं. या वेळी फक्त तो एक शब्द कसा म्हटलाय ते ऐका.

इंग्रजी सगळं नाही कळलं तरी अडत नाही, मागणं एवढंच की हात धर, मी थकलोय, अंधार आहे, घरी पोचव. बाबा गेले तेव्हा येणारा प्रत्येकजण ‘होईल सगळं ठीक’ म्हणायचा आणि मला ते ऐकवत नसे. इथे कोणी समजूत घालत नाही, म्हणून तर मला धीर येतो.

गायचं असेल तर खालच्या पट्टीत घ्या, एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी नुसतं गुणगुणायचं, गळा भरून आला तर थांबायचं, कोणी घाई करत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचं हे आवडतं गाणं, 1968 मध्ये त्यांच्या अंत्यविधीला महालियानेच गायलं.

आणि कोणाच्या घरी दुःख झालं असेल तर नुसती लिंक फॉरवर्ड करू नका, जाऊन शेजारी बसा आणि एक इयरफोन त्यांना द्या.