हँग ग्लायडर उडवण्याआधी: तपासणी आणि आणीबाणीचं साहित्य

या खेळातल्या एका प्रकारच्या जीवघेण्या अपघातात ना वाऱ्याचा दोष असतो, ना ग्लायडरचा. पायलट हार्नेस, म्हणजे ज्यात तो ग्लायडरखाली लटकतो तो पट्ट्यांचा साज, ग्लायडरला अडकवायचाच विसरतो आणि उतारावरून धावत सुटतो. नवखेच नव्हे, मुरलेलेही विसरतात. हार्नेस अंगावर असला की सगळं झालंय असंच वाटतं.

म्हणून पहिलं काम लटकून बघण्याचं. सोबत्याला पुढच्या तारा धरायला सांगा आणि उडताना असता तसे आडवे लटका. कॅराबिनर (हार्नेस अडकवायची धातूची कडी) ग्लायडरच्या मुख्य आणि जादा अशा दोन्ही पट्ट्यांतून गेलाय का, त्याचं लॉक लागलंय का, मांड्यांचे पट्टे पायांत आहेत का, हे पाहा. मग धावण्याच्या अगदी आधी ग्लायडर खांद्यावरून वर उचला. मांड्यांच्या पट्ट्यांना ताण जाणवला तरच पाऊल टाका. पाच मिनिटांपूर्वीची तपासणी धरायची नाही. मध्ये हेल्मेट आणायला म्हणून सुटून आलात, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

ग्लायडरची तपासणी नाकापासून सुरू करून दर वेळी त्याच क्रमाने फिरत करा. तारांचे तुटलेले धागे, टोकांजवळचे पीळ, नटांच्या सेफ्टी पिना, दोन्ही पंखांच्या कापडाला आकार देणाऱ्या पट्ट्यांचा (बॅटन) सारखेपणा बघा. कुणी मध्येच गप्पा मारायला आलं तर परत नाकापाशी जा. त्याला राग आला तर येऊ द्या.

रिझर्व्ह (आणीबाणीचं) पॅराशूट उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत उघडून, हवेवर ठेवून पुन्हा घडी करून घ्या. वर्षाच्या वर तर ते तसंच पडू देऊ नका. जमिनीवर हार्नेसमध्ये लटकून त्याचं हँडल दोन्ही हातांनी शोधायचा सराव करा. ग्लायडर मोडला किंवा कोलांट्या खाऊ लागला की हँडलकडे बघा, पकडा, ओढा, मोकळी जागा हेरा आणि त्या दिशेने जोरात फेका. उघडलं नाही तर त्याचा पट्टा हिसडा. उंची कमी असेल तर ग्लायडर सावरत बसू नका.

हवामानाबद्दल थोडक्यात: गडगडाटी ढग दिसत असेल तर उडू नका. तो लांब असला तरी त्याच्यातून सुटलेला वारा तुमच्यापर्यंत पोचतो. डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा घुसळत असते, तिकडे जाऊच नका.

हार्नेसच्या खिशात शिट्टी, प्रथमोपचाराचं सामान, चार्ज केलेला फोन आणि वॉकीटॉकी असू द्या. हुक नाइफ (पट्टे कापायचा आकडीसारखा चाकू) मात्र खिशात नको, कुठल्याही हाताला सापडेल असा बाहेर लावा. पाण्यात पडल्यावर पट्टे कापायला तोच लागतो.

आणि डेंटल फ्लॉसची, म्हणजे दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याची, एक डबी. झाडात अडकलात तर आधी स्वतःला जाड फांदीला बांधा. घाईने उतरायला जाऊन हात-पाय मोडून घेणारे बरेच असतात. मदत आली की फ्लॉसला छोटं वजन बांधून खाली सोडा. खालचे लोक त्याला दोर बांधतील, तो वर ओढून घ्या.