मार्टिनी बिघडली की जिनला शिव्या घालू नका, आधी वर्मूथ हुंगा

घरी मार्टिनी, म्हणजे जिन आणि वर्मूथचं कॉकटेल, करणारे नव्वद टक्के लोक एकच चूक करतात आणि मीही केलीये, त्यामुळे हक्काने बोलतो. वर्मूथ ही वाईन आहे. थोडं स्पिरिट घालून स्ट्राँग केलेली, पण वाईनच. अल्कोहोल जेमतेम १५ ते १८ टक्के, म्हणजे बाटली उघडली की चव उतरायला लागते.

माझी बाटली ड्युटी फ्रीची, टीव्हीच्या वरच्या कप्प्यात व्हिस्कीशेजारी दीड वर्ष पडून होती. चार मित्र आले, मी ऐटीत मार्टिनी ढवळली, पहिल्या घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी. कापून ठेवलेलं सफरचंद काळं पडतं ना, तशी चव. मला वाटलं जिन डुप्लिकेट निघाली, रागारागात बाटली मेहुण्याला देऊन टाकली, तर आठवड्याने त्याचा फोन, "दाजी, जिन एक नंबर होती, अजून आहे का?" मग वर्मूथचं बूच काढून वास घेतला. शेरी आणि व्हिनेगरच्या मधलं काहीतरी!

तेव्हापासून छोटी बाटली आणतो, उघडल्याची तारीख मार्करने लिहितो आणि फ्रीजच्या दारात ठेवतो. दोन महिन्यांत संपली नाही तर उरलेली चिकनच्या ग्रेव्हीत.

दुसरी चूक बर्फाची. लोक ट्रे काढून ओट्यावर ठेवतात, मग ग्लास शोधतात, मग ऑलिव्हची बरणी, तोवर बर्फाला पाणी सुटलेलं असतं आणि ड्रिंक गार व्हायच्या आधीच पाणचट. बर्फ सगळ्यात शेवटी काढा. फ्रीजरमध्ये सुरमई असेल तर बर्फ झाकणाच्या डब्यात लावा, नाहीतर मार्टिनीला मासळीबाजाराचा वास येणार. मी स्टीलच्या डब्यात मोठा गोळा जमवतो आणि लाटण्याने फोडतो, त्यावरून घरात भांडणं होतात ती वेगळी.

६० मिली जिन, १० ते १२ मिली ड्राय वर्मूथ, तीस सेकंद ढवळा. घाईवाले म्हणतात जिन फ्रीजरमध्ये ठेवलीये, मग कशाला ढवळायचं? अरे, ढवळताना जे पाणी सुटतं तो रेसिपीचाच भाग आहे, ते नसेल तर नुसती गार जिन पिताय, तिला मार्टिनी म्हणू नका.

बाकी किरकोळ. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवा. लिंबू पिळू नका, फक्त साल, आणि सालीचा पांढरा भाग कडू लागतो तो खरवडून टाका. डर्टी मार्टिनीसाठी बरणीतलं ऑलिव्हचं पाणी चमचाभर पुरे, अर्धी बरणी नको. गिब्सनमध्ये, म्हणजे कांदा घातलेल्या मार्टिनीत, व्हिनेगरमधला छोटा कांदा लागतो, हॉटेलातला लाल सिरका प्याज घातलात तर ड्रिंक गुलाबी होईल. व्हेस्पर, म्हणजे जेम्स बाँडवाली जिन-व्होडकाची मार्टिनी, तिच्या मूळ रेसिपीतली किना लिले नावाची वाईन आता बनत नाही, लिले ब्लांवर भागवा. आणि एस्प्रेसो मार्टिनीत जिनही नाही, वर्मूथही नाही, व्होडका आणि कॉफी. ती मात्र हात दुखेपर्यंत शेकच करायची, ढवळलीत तर वर फेस येणार नाही आणि मग मला फोटो पाठवून विचारू नका.